खाऊची वेळ: सगळ्यांचा मिळून एक खाऊ की ज्याचा त्याचा डबा?

पाटीपेन्सिल

मी बालवर्गात शिकवते. तीन ते पाच वर्षांची २२ मुलं आहेत. आजवर प्रत्येक जण घरून डबा आणत आलाय. पुढच्या सत्रापासून सगळ्यांसाठी एकच खाऊ ठेवावा असं मी सुचवलं आणि पालकसभेत सरळ दोन तट पडले.

हे डोक्यात का आलं ते सांगते. आमच्या वर्गातला सगळ्यात ताणाचा अर्धा तास डब्याचा असतो. एक मुलगी झाकण अर्धंच उघडते आणि आत हात घालून खाते, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. एका मुलाच्या डब्याबरोबर रोज निरोप येतो, "सगळं संपवायला लावा." दोन घास झाले की तो माझ्याकडे बघत बसतो आणि मी पाठ वळवली की पुढचा घास दप्तरात जातो. कुणाच्या डब्यातून रंगीत वेष्टनातलं काही निघालं की बाकीच्यांना आपला डबा नकोसा होतो. एवढ्याशा मुलांनी एकमेकांचे डबे असे तोलावेत, हे मला बघवत नाही.

मनात आहे ते असं: पाच-सहा मुलांच्या टेबलावर मधोमध तीन वाडगे. एकात फळ, एकात पोटभरीचं काही, एकात भाजी नाहीतर दही किंवा अंडं. मुलं आपलं आपण वाढून घेतील, किती घ्यायचं तेही त्यांचं तीच ठरवतील. आम्ही मोठी माणसं त्याच टेबलावर बसून तेच खाणार.

विरोधाची कारणंही खरी आहेत. अ‍ॅलर्जी, स्वच्छता आणि सगळ्यात मोठं, "माझं मूल उपाशी राहील." ज्यांनी हे केलंय किंवा करून सोडून दिलंय, त्यांनी कृपया लिहा.

सुगरणपक्षी

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद पेटलाय.

उंबरठा

मी विरोधातली. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. बटाटा, केळं, पाव, दही आणि अंड्यातलं फक्त पांढरं, एवढंच खातो. डबा मी भरते तेव्हा पोटात काहीतरी जाणार याची खात्री असते. तुमच्या वाडग्यांत त्या दिवशी यातलं काहीच नसलं तर तो तीन तास तसाच बसेल, मागणारही नाही. घरी येईल तो रडतच. हे मी लग्नसमारंभात, सहलीत, सगळीकडे पाहिलंय. "भूक लागली की खाईल" हे वाक्य मला कृपया कुणी ऐकवू नका, फार ऐकून झालंय.

चिमणघास

उंबरठा, ते वाक्य मी म्हणणार नाही. माझी मोठी मुलगी अशीच होती, मोजून सहा पदार्थ.

आधी एक गोष्ट मनातून काढा, की तुमचं काही चुकलंय. साधारण दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते. वर्षाचं असताना सगळं खाणारं मूल अडीचाव्या वर्षी ताट सरकवू लागतं, ते याच वयामुळे. या भीतीवर दोन गोष्टी खरोखर चालतात. एक म्हणजे तोच पदार्थ पुन्हा पुन्हा, काही न बोलता, समोर येणं. दोन-चार वेळा नव्हे, आठ-दहा वेळा, कधी पंधरा. बहुतेक आईबाप तिसऱ्या-चौथ्या वेळी "याला हे आवडत नाही" असं ठरवून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बरोबरीची मुलं, आणि या धाग्याचा खरा विषय मला तोच वाटतो. लीॲन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली एक साधा पण सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलाला एक भाजी आवडते आणि दुसरी तितकीशी नाही, त्याला उलट आवड असलेल्या तीन-चार मुलांबरोबर जेवायला बसवलं. चार दिवस, रोज दोन्ही भाज्या समोर. पहिल्या दिवशी आपली आवडती उचलणारी मुलं चौथ्या दिवसापर्यंत बरोबरच्यांची भाजी उचलू लागली होती. कुणी समजावलं नव्हतं, कौतुकही केलं नव्हतं.

डब्यात हे घडत नाही, कारण शेजारचा जे खातोय ते आपल्यासमोर नसतंच. माझी मुलगी घरी वाटाण्याकडे बघायचीही नाही. बालवर्गात शेजारची मैत्रीण एकेक वाटाणा चिमटीत धरून खायची म्हणून हिनेही धरला. आधी नुसता फोडून पाहिला, मग चाटला. खायला दीड महिना लागला. मला कळलं तेसुद्धा ताईंकडून.

अर्धा_कप

आमच्या लेकीला बालवर्गात "मला पुरे" म्हणायला शिकवलंय. खाताना छान म्हणते. आता अंघोळीलाही म्हणते, झोपतानाही म्हणते. काल आजी गोष्ट सांगत होती तर राक्षस यायच्या आधीच "मला पुरे".

निळीछत्री

माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. अडीच वर्षांचा असताना दुसऱ्याच्या हातातला एक तुकडा त्याने तोंडात घातला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग श्वासाला शिट्टी येऊ लागली. त्या दिवसापासून अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आमच्या पिशवीत असतं. हे सगळं सांगते, कारण "मी एकत्र खाऊच्या बाजूने आहे" असं लिहिल्यावर कुणालाही आश्चर्य वाटेल.

पण हिशोब करून बघा. आज त्याच्या वर्गात २० डबे येतात, २० स्वयंपाकघरांतून. कुणाच्या चटणीत काय आहे, कुणाच्या बिस्किटात काय आहे, हे ताईंना कळणार कसं? म्हणून तो वेगळ्या टेबलावर बसतो, एकटा. परवा मला विचारलं, "मी काय केलं?" मी उत्तर दिलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्यांचा खाऊ एकच असेल तर यादीही एकच असते. शेंगदाणा नाही म्हणजे खोलीतच नाही. माझा मुलगा सगळ्यांच्या मधे बसून तेच खाऊ शकतो. अट एवढीच, की यादी आठवडाभर आधी कळावी, वेष्टनावरचे घटक प्रत्येक वेळी वाचले जावेत (तोच पदार्थ असला तरी, कारण उत्पादक घटक बदलतात) आणि आयत्या वेळी अदलाबदल होऊ नये. शिवाय इंजेक्शन कुठे आहे आणि कसं द्यायचं हे एकाच ताईला माहीत असून भागत नाही. ती एखाद्या दिवशी रजेवर असणारच.

आणि हात साबणानेच धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइप्सने पुसला तर जातो. हे तपासून पाहिलेलं आहे, माझं मत नाही.

पाटीपेन्सिल

निळीछत्री, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. यादी एक म्हणजे धोका एका जागी पकडता येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी अ‍ॅलर्जी हा विरोधातला मुद्दा धरून बसले होते. सभेत तुमचा मुद्दा मांडू का, नाव न घेता?

निळीछत्री

जरूर मांडा.

काटकोन

पण लहानपणीच शेंगदाणे दिले तर अ‍ॅलर्जी होत नाही असं आता म्हणतात ना? मग सगळ्यांसाठी बंद करणं उलटं नाही का?

रात्रपाळी

काटकोन, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही म्हणताय तो अभ्यास २०१५ साली आला. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात घेतली होती. ज्यांना तेव्हापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी आढळली. पण ते अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून होतं, आणि चाचणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ज्या मुलाला अ‍ॅलर्जी झालेली आहे, त्याच्यासाठी तोच पदार्थ जिवावर बेतू शकतो. ज्यांना घरी द्यायचे आहेत ते घरी देऊ शकतात. वर्गातल्या दोन तासांत नाही मिळाले तर कुणाचं काही बिघडत नाही.

मी नर्स आहे, लहान मुलांच्या तातडीच्या विभागात. तिथे जे बघितलंय त्यामुळे एक गोष्ट वेगळी सांगते, कारण या चर्चेत ती अजून आलीच नाही: घशात अडकणं. वाडगा मधे ठेवणार असाल तर त्यातला प्रत्येक तुकडा सगळ्यात लहान मुलाच्या घशाच्या मापाने कापा. पाच वर्षांचं मूल द्राक्ष चावून खाईल, पण शेजारी तीन वर्षांचं बसलंय. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि श्वासनलिकेत बुचासारखं बसेल अशा मापाचं असतं. लांबीत कापा, चार भाग करा. आडवं कापलं तर गोल चकती तयार होते, उपयोग नाही. छोटे टोमॅटोही तसेच. कच्चं गाजर जाड तुकड्यांत नको, किसून किंवा वाफवून द्या. सफरचंदाच्या पातळ फोडी करा. अख्खे दाणे-बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या वयात नकोच.

मुलं बसूनच खातील. पळताना, हसताना, गाडीत झोपून काही नको. आणि एक मोठं माणूस सतत टेबलापाशी, फोनवर नाही.

अडकलंच, तर मूल जोरात खोकत असेल तोवर खोकू द्या. आवाज निघत नाही, श्वास घेता येत नाही असं दिसलं तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थपडा. निघालं नाही तर पाठीमागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वर असे पाच झटके (हे एक वर्षाच्या वरच्या मुलांसाठी). पुन्हा थपडा, पुन्हा झटके. तेवढ्यात दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. तोंडात न बघता बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. हे वाचून येत नाही, शिकून घ्यावं लागतं. वर्गातल्या सगळ्या ताईंनी प्रत्यक्ष शिकून घ्या, दरवर्षी उजळणी करा.

सुगरणपक्षी

बाप रे. मी आजच द्राक्षं अख्खी दिली होती. धन्यवाद, रात्रपाळी.

जुनाजाणता

मी आजोबा आहे, नात बालवर्गात जाते. किती खायचं ते मुलाने ठरवायचं, हे मला पटत नाही. आमच्या लहानपणी ताटात पडलेलं संपवायचं, हा नियम होता. अन्न मिळवायला किती कष्ट पडतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन वर्षांच्या पोराला अर्धं टाकून उठायची मुभा दिली तर अन्नाची किंमत त्याला कधी कळणार?

चिमणघास

काका, अन्न वाया जाऊ नये हे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण ताटात किती पडलं हे कोण ठरवतं? आपण. आपण आपल्या अंदाजाने वाढतो आणि त्याने आपल्या अंदाजाएवढी भूक लावून घ्यावी अशी अपेक्षा धरतो. लहान मुलांची भूक रोज सारखी नसते. आज दोन वाट्या, उद्या दोन चमचे, आठवड्याचा हिशोब मात्र बहुधा जुळतो. पोट भरल्याची जाणीव त्यांना आपल्यापेक्षा चांगली असते आणि "आणखी एक घास" करत करत आपणच ती बोथट करतो.

एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी याची वाटणी फार छान केली आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही. म्हणजे मूल "मला बिस्किटच हवं" म्हणालं म्हणून बिस्किट येणार नाही, आणि "मला पुरे" म्हणालं तर वाटीत आणखी पडणार नाही. मुभा आहे, पण मोकाट नाही.

वाया जाण्याचं म्हणाल तर वाढायचा चमचा लहान ठेवा. मूल थोडं घेतं, संपलं की पुन्हा घेतं. वाडग्यात उरलेलं स्वच्छ असतं, ताटात उष्टं कमी पडतं. भरलेल्या डब्यातलं जे परत येतं, ते तर सगळं उष्टंच असतं.

जुनाजाणता

थोडं घ्या, पुन्हा घ्या, हे पटलं. आमच्या पंगतीतही वाढणारा हात राखूनच वाढायचा.

दंतकथा

दातांची डॉक्टर म्हणून थोडं. "हेल्दी खाऊ" म्हणून फळांचा रस ठेवू नका. साखर किती यापेक्षाही ती दिवसातून किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहते, हे दातांना जास्त भोवतं. तोंडातले जीवाणू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या आवरणातली खनिजं विरघळू लागतात, आणि लाळेला ते सावरायला निदान अर्धा तास लागतो. मूल दोन तास घोट घोट रस पीत राहिलं तर लाळेला उसंतच मिळत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सांगितलेली मर्यादा १ ते ३ वर्षांसाठी दिवसाला फार तर १२० मिलिलिटर रस अशी आहे, तीही बाटलीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर आणि मध हे दोन्ही वरून घातलेल्या साखरेतच मोजते. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाही. म्हणून फळ चावून खा आणि तहान लागली की पाणी.

उंबरठा

मग बेदाणे? ते तर फळच आहे ना, मी रोज मूठभर देते. बिस्किटापेक्षा बरे म्हणून.

दंतकथा

बरे आहेतच, पण चिकट आहेत. दाढांच्या खाचेत बसून राहतात. नुसते मधल्या वेळी चघळायला देण्यापेक्षा दह्यात किंवा जेवणाबरोबर द्या, वर पाणी. आणि अपराधी वाटून घेऊ नका हो, हे कुणी आधी सांगितलेलं नसतं.

काटकोन

वाढदिवसाच्या केकचं काय? आमच्या वर्गात २५ मुलं, म्हणजे दर दोन आठवड्यांना केक. वर प्रत्येकाला चॉकलेटची पिशवी.

अर्धा_कप

आमच्याकडे वाढदिवसाच्या मुलाला त्या दिवशीचं फळ निवडता येतं आणि तोच सगळ्यांना वाढतो. वाढायचा मान मिळाला की केक कुणी आठवत नाही. एकदा एकाने कलिंगड निवडलं आणि अख्खं पाहिजे म्हणाला. चौघांनी मिळून ढकलत ढकलत वर्गात आणलं.

धुळाक्षर

केकला इतकं घाबरू नये असं माझं मत. पूर्ण बंदी घातली की तेच डोक्यात बसतं. महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा एकच केक करा, बाकी खाऊबरोबरच टेबलावर ठेवा, बक्षीस म्हणून नको. "भाजी खाल्लीस तर केक" म्हटलं की मूल शिकतं ते एवढंच, की भाजी ही शिक्षा आहे.

स्वच्छतेबद्दल, कारण आमच्या पाळणाघरात हे सहा वर्षं चाललंय: प्रत्येक टेबलाला वेगळे छोटे वाडगे, मोठा एकच नको. वाडग्यात हात नाही, चिमटा किंवा छोटा चमचा. चिमटा पकडायला मुलांना आठवडा लागतो, पण त्यातच त्यांना सगळ्यात मजा येते. चमचा कुणी चाटला तर न रागावता बदलायचा, त्यासाठी बाजूला जादा चमचे. कापलेलं फळ, दही, अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नाही. उलट्या-जुलाब झालेलं मूल त्या दिवशी घरी. आणि खाऊची वेळ मागच्या-पुढच्या खाण्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, नाहीतर टेबलावर भूकच नसते आणि आपण पदार्थाला दोष देतो.

उंबरठाताईंसाठी आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम: तीन वाडग्यांपैकी एकात रोज असं काही, जे प्रत्येक मुलाला ओळखीचं आहे. आमच्याकडे पाव नाहीतर केळं असतंच. नवं काही ठेवायचं ते त्या आधारावर.

उंबरठा

हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतकं भांडले नसते. एक वाडगा ओळखीचा असेल तर माझी हरकत नाही.

पाटीपेन्सिल

पाच आठवड्यांनी परत आले. सुरू केलंय, म्हणून जे झालं ते लिहिते.

पहिला आठवडा पाण्याचा. जग मुलांच्या हातात दिला आणि रोज टेबल वाहत होतं. आता जगात एका वेळी दोनच पेले पाणी घालतो आणि पुसायचं फडकं मुलांच्या हाताला येईल असं टांगलंय. सांडणारा स्वतः पुसतो.

पहिल्या दिवशी एकाने केळ्याचे ११ तुकडे घेतले आणि ताटाभोवती हात धरून बसला. मी काही बोलले नाही, वाडगा भरून पुन्हा ठेवला. चौथ्या दिवशी त्याने तीन घेतले. संपणार नाही, पुन्हा मिळणार, हे कळायला त्याला तेवढे दिवस लागले.

"सगळं संपवायला लावा" निरोप घेऊन येणारा मुलगा पहिले सहा दिवस नुसता पाव खात होता आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत होता. मला फार जड गेलं, पण मी माझी काकडी खात राहिले. आता बघत नाही. काकडी अजून खात नाही, चाटतो आणि बाजूच्या छोट्या ताटलीत ठेवतो. ती ताटली चिमणघास यांच्या वाटाण्याची गोष्ट वाचूनच ठेवली होती. त्याच्या आईला रोज किती खाल्लं ते सांगणं मी थांबवलंय. काय काय होतं तेवढं सांगते.

झाकण अर्धं उघडणारी मुलगी वाडगा पुढे सरकवताना प्रत्येकाला विचारते, "तुला अजून पाहिजे?" पूर्वी ती अख्ख्या तासात एक शब्द बोलायची नाही.

दोन घरांतून अजूनही डबा येतो. मी आग्रह सोडला आहे. ती मुलंही त्याच टेबलावर बसतात, फक्त डब्यालाही आमचीच यादी लागू आहे, त्यात शेंगदाणा चालत नाही.

दुधाचं मात्र काही ठरलेलं नाही. काही पालकांना खाऊबरोबर मोठा पेलाभर दूध हवं आहे.

रात्रपाळी

मोठा पेला दिला तर वाडगे तसेच परत जातील. या वयात दूध दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे. त्याहून बरंच जास्त झालं की मूल बाकीचं खात नाही आणि लोह कमी पडतं. द्यायचंच तर लहान पेला, खाणं झाल्यावर.

निळीछत्री

पाटीपेन्सिल, मनापासून आनंद झाला. एकच बघा, पावावर किंवा पावात तीळ नाहीत ना? शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवाल्या काही मुलांना तिळाचीही असते.

पाटीपेन्सिल

होते. तुम्ही लिहिल्यावर लगेच वेष्टन काढून वाचलं. वर्गात एकीला तीळ चालत नाहीत, हे तिच्या प्रवेश-अर्जात होतं आणि मी यादी करताना फक्त शेंगदाणाच बघितला होता. सोमवारपासून पाव बदलतेय. सगळे २२ अर्ज आज रात्री पुन्हा वाचायला घेतलेत.